डोंगरचराई आणि मेंढपाळांचें शिक्षण

दरसाल दिवाळी आटोपली म्हणजे माण, खटाव, फलटण, आटपाडी, पारनेर इत्यादि कोरड्या मुलखांतून धनगरांचे वाडे पश्चिमेकडे निघतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, पुढें मेंढरें, मागें बायकामुलें व कुत्रीं असा हा प्रवास आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. पीक निघालेल्या रानांत वाडा बसावा म्हणून आर्जवें करणारे शेतकरी आपणच, आणि डोंगर उघडा पडला म्हणून त्याच मेंढपाळाच्या नांवानें बोटें मोडणारेहि आपणच. मेंढरांस डोंगरबंदी करावी अशी मागणी अधूनमधून निरनिराळ्या गांवांच्या सभांतून होते. तिचा शांतपणें विचार करण्याची वेळ आली आहे. आमचें मत थोडक्यांत असें कीं, डोंगर राखावयाचा असेल तर मेंढपाळास हांकलून भागणार नाहीं. त्यास डोंगराला विसावा कसा द्यावा हें रीतसर शिकविलें पाहिजे, आणि जो तें पाळील त्यास चराईची लेखी हमी दिली पाहिजे. या दोहोंपैकीं एक गोष्ट केली व दुसरी सोडली, तर केलेलीहि वायां जाईल.

प्रथम हा व्यवहार केवढा आहे तें पाहूं. २०१९ च्या पशुगणनेंत भारतांत ७ कोटी ४२ लक्षांहून अधिक मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांपैकीं सुमारें २७ लक्ष महाराष्ट्रांत होत्या. त्यांत दख्खनी जातीचा भरणा मोठा. हा सर्व धंदा पावसाच्या विषमतेवर उभा आहे. महाबळेश्वर आणि माण हे दोन्ही सातारा जिल्ह्याचेच तालुके. परंतु पहिल्या ठिकाणीं वर्षास ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर दुसऱ्या ठिकाणीं तो ५०० च्या आसपास घुटमळतो. दख्खनी मेंढी पावसाळ्यांत घाटमाथ्यावर टिकत नाहीं; ओल्यांत तिचे खूर कुजतात व पोटांत जंत वाढतात. उलट उन्हाळ्यांत माणदेशांत तिला चाराहि नाहीं व पाणीहि नाहीं. म्हणून पावसाळा आपल्या माळावर व डोंगरावर काढावयाचा, आणि हिवाळा-उन्हाळा नदीकांठीं, मावळांत किंवा कोंकणांत घालवावयाचा, ही रीत पडली. तिला कोणी उगाच भटकणें म्हणत असेल तर त्यास पावसाचें गणित समजलें नाहीं असेंच म्हणावें लागेल.

या रीतीचा लाभ शेतकऱ्यास किती आहे, हें आम्हीं सांगावयास नको. रानांत चार रात्री वाघर लावून मेंढरें बसविलीं म्हणजे लेंडी व मूत्र हीं दोन्ही जागच्या जागीं जमिनीस मिळतात. वाहतुकीचा खर्च नाहीं कीं मजुरी नाहीं. ट्रॅक्टर आल्यापासून दावणीचीं बैलें कमी झालीं व शेणखत दुर्मिळ झालें. अशा काळांत मेंढपाळाशीं वैर धरणें म्हणजे आपल्याच उकिरड्याशीं वैर धरणें होय.

आतां डोंगराची स्थिति पाहूं. आमच्या डोळ्यांपुढें मुख्यतः शंभु महादेवाची डोंगररांग आहे. परंतु जें तिच्याविषयीं खरें तें कोरड्या प्रदेशांतील इतर रांगांविषयींहि बहुतांशीं खरें आहे. अशा डोंगरावरील उत्तम गवतें म्हणजे शेडा व मारवेल. हीं बहुवर्षायु गवतें होत. यांचा जीव मुळांत असतो. पहिला पाऊस झाल्यावर जो कोंब फुटतो तो गेल्या सालीं मुळांत सांठविलेल्या अन्नावर वाढतो. पानें पुरेशीं होईपर्यंत मूळ रितें होत जातें, आणि मग पानें कमवून मुळास परत देऊं लागतात. नेमक्या याच पंधरवड्या-तीन आठवड्यांत मेंढरांचें तोंड पडलें, तर गवताची पूंजीच खाल्ली जाते. शिवाय मेंढीचा वरचा ओठ मध्यें चिरलेला असल्यानें ती गाईम्हशींपेक्षां पुष्कळच जमिनीलगत खुडते. भिजून मऊ झालेल्या मातींतून कोंवळें रोप मुळासकट येतें. दुसरी नाजूक वेळ बीं धरण्याची, म्हणजे भाद्रपद-आश्विनाची. बीं झडून गेलें, गवत वाळलें, कीं मग तें चरल्यानें झाडास विशेष अपाय नाहीं. मात्र जमीन झांकली राहील इतकें खोड मागें उरलें पाहिजे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. डोंगराचें नुकसान मेंढरांच्या संख्येनें होतेंच. परंतु त्याहून अधिक तें अवेळीं चरल्यानें व त्याच जागीं पुनःपुन्हां चरल्यानें होतें. असें सालोसाल झालें म्हणजे शेडा व मारवेल मागें हटतात आणि त्यांच्या जागीं कुसळी येते. कुसळी कोंवळेपणीं खातां येते. पुढें तिच्या कुसळांनीं लोकर भरते, कातडीस भोंकें पडतात व मेंढी झुरते. त्यापुढची पायरी म्हणजे एका पावसाचें खुरटें गवत, आणि शेवटीं उघडा मुरूम. उतारावर खुरांच्या वाटा सरळ वरून खालीं पडल्या तर वळवाच्या पहिल्या सरींतच त्यांच्या घळी होतात. ती माती कोठें जाते? आपण वर्गणी काढून व श्रमदान करून बांधलेल्या पाझरतलावांत जाऊन बसते. डोंगरावर गवत टिकलें तर पाणी मुरतें आणि खालच्या विहिरींस उन्हाळ्यांत पाझर राहतो. तेव्हां हा प्रश्न एकट्या मेंढपाळाचा नसून डोंगराखालीं ज्याची ज्याची विहीर आहे त्या प्रत्येकाचा आहे.

दोषाची वांटणी करितांना मात्र न्याय सोडूं नये. दिवाळीनंतर पश्चिमेकडील डोंगरांवर जो परगांवचा वाडा येतो, तो बहुधा बीं झडल्यावर येतो. म्हणजे ज्या पाहुण्यावर आपण सर्वांत अधिक रागावतों त्याची वेळ त्यांतल्या त्यांत कमी अपायाची असते. पावसाळ्याच्या आरंभीं डोंगर खाणारीं जनावरें बहुतेक त्या त्या गांवचीं, आपल्याच दावणीचीं किंवा शेजाऱ्याच्या खांडव्याचीं असतात. फाल्गुनांत नवे कोंब यावेत म्हणून लावले जाणारे वणवे कांहीं मेंढपाळ लावतात हें खरें. पण ते सर्व तेच लावतात असें नाहीं. गायरानांवरील अतिक्रमणें, मुरुमाच्या खाणी, गवताळ माळास ओसाड समजून तेथें खड्डे घेऊन लावलेलें गिरिपुष्प, यांनीं चराईचें क्षेत्र आक्रसलें. पूर्वीं वाडा एका जागीं दोन-तीन दिवसांहून अधिक राहत नसे, आणि हें सतत पुढें सरकणें हाच डोंगराचा विसावा होता. आतां पुढची जागा बंद, म्हणून आहे तीच जागा पुन्हां चरली जाते. रोग तेथें आहे.

"पिढीजात धनगरास मेंढ्या चारण्याचें काय शिकवावयाचें?" असें कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. कोणत्या झाडाचा पाला कोणत्या महिन्यांत बाधतो, कोंकरूं न घेणाऱ्या मेंढीस तें कसें पाजावें, वाऱ्यावरून पाऊस कसा ओळखावा, हें ज्ञान कोणत्याहि महाविद्यालयांत मिळणार नाहीं. परंतु तें मोकळ्या मुलखाचें ज्ञान आहे. आज मुलूख मोकळा राहिला नाहीं. थोड्या जागेंत अधिक दिवस काढावयाचे झाल्यास निराळा हिशेब लागतो, आणि तो हिशेब बापाजवळ नव्हता कारण त्यास त्याची गरज नव्हती. दुसरें असें कीं, मुलें आतां शाळेंत जातात, आणि तें इष्टच आहे. पण त्यामुळें वाड्याबरोबर हिंडून जें आपोआप मिळत असे तें त्यांस मिळत नाहीं. शाळा मेंढरांविषयीं कांहीं शिकवीत नाहीं व वाडा अक्षर शिकवीत नाहीं. पुढें यांतला जो मुलगा नोकरी न मिळाल्यानें कळपाकडे परततो, तो दोन्हींकडून अर्धवट राहतो.

इतर देशांत हीच अडचण आमच्या आधीं उत्पन्न झाली. तेथें तरुणांनीं धंदा सोडला, डोंगर ओस पडले, आणि मग शहाणपण सुचलें. दक्षिण फ्रान्समध्यें सालों-द-प्रोव्हान्स या गांवाजवळ मेर्ल येथें मेंढपाळांची शाळा गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू आहे. तेथील क्रो नांवाच्या मैदानांत पाटाच्या पाण्यावर उत्तम गवत पिकवितात. शेतकरी त्याच्या तीन कापण्या घेतो, आणि चवथी वाढ हिवाळ्यांत मेंढरांस चारतो. उन्हाळा आला कीं तीं मेंढरें आल्प्स पर्वतावर जातात. म्हणजे शेतकरी व मेंढपाळ यांचा आपल्यासारखाच संबंध, पण नियमानें बांधलेला. स्पेनच्या बास्क प्रांतांत अरांथाथू येथें १९९७ सालीं आणि कातालोनिया प्रांतांत पिरेनीज पर्वताच्या कुशींत २००९ सालीं अशाच शाळा निघाल्या. कातालोनियांतील शाळेची रीत आम्हांस विशेष घेण्यासारखी वाटते: थोडे दिवस वर्गांत, आणि त्यानंतर महिनेच्या महिने एखाद्या अनुभवी मेंढपाळाच्या घरीं राहून प्रत्यक्ष काम. गुरु धंदेवाईक, पुस्तक सहायक.

त्याच स्पेन देशाच्या इतिहासांत एक इशाराहि आहे. तेथें १२७३ सालीं राजानें मेस्ता नांवाच्या मेंढपाळ-संघास सनद दिली. त्या सनदेच्या जोरावर कळपवाल्यांनीं शतकानुशतकें शेतकऱ्यांच्या तोंडचा घांस काढला, आणि १८३६ सालीं तो संघ मोडावा लागला. एका पक्षास सर्व हक्क देऊन डोंगरहि राहत नाहीं व शेतहि राहत नाहीं. पण संघ मोडला तरी त्या देशानें मेंढरांच्या वाटा मोडल्या नाहींत. १९९५ च्या कायद्यानें त्या सार्वजनिक मालकीच्या ठरविल्या असून त्यांतील मोठ्या वाटांची रुंदी ७५ मीटरपर्यंत धरिली आहे. आपल्याकडे वाडा हमरस्त्यानें मोटारींच्या गर्दींतून जातो, आणि एखादी मालमोटार अर्धा कळप चिरडून जाते.

आपल्याकडे सरकार कांहींच करीत नाहीं असें नाहीं. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नांवाचें मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. रांजणी, महूद, दहिवडी इत्यादि ठिकाणीं त्याचीं प्रक्षेत्रें आहेत. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत उतरविला, हें काम तर देशांत नांवाजलें गेलें. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेंत २० मेंढ्या व १ मेंढा असा गट अनुदानावर देण्याची तरतूद झाली, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीं चराई अनुदानहि ठेवण्यांत आलें. परंतु मेंढी दिली व गवत दिलें नाहीं, तर त्या मेंढीनें खावें काय? शिक्षणाचे जे वर्ग होतात त्यांचा रोंख बहुधा गोठ्यांतील पालनाकडे असतो. डोंगर कसा चारावा हा विषय कोणाच्याच वांट्यास आलेला नाहीं.

आमच्या मतें या शिक्षणांत पुढील गोष्टी असाव्यात. पहिली, गवत वाचणें: शेडा, मारवेल, कुसळी यांवरून डोंगर कोणत्या पायरीवर आहे तें ओळखणें. दुसरी, पाळी लावणें: डोंगराचे चार भाग करून दरसाल एक भाग पहिल्या पावसापासून बीं झडेपर्यंत अजिबात बंद ठेवणें, आणि उरलेल्या तिहींतहि गवत वीतभर होईतों मेंढरूं न घालणें. तिसरी, उतार सांभाळणें: कळप आडव्या वाटेनें नेणें, बसण्याची जागा बदलणें, पाण्यावर एकाच बाजूनें न उतरणें. चवथी, वणव्याचा खरा जमाखर्च: चार दिवसांच्या हिरव्या कोंबांसाठीं वर्षाचें बीं व मातीचें पांघरूण कसें जळतें, तें जळक्या व राखलेल्या तुकड्यांशेजारीं उभें करून दाखविणें. पांचवी, रोग: आंत्रविषाराची व पी.पी.आर. ची लस केव्हां टोंचावी, जंताचें औषध केव्हां पाजावें. सहावी, कागद: लांडग्यानें किंवा बिबट्यानें मेंढी मारली तर पंचनामा कसा करून घ्यावा, अर्ज कोणाकडे द्यावा. परमुलखांत असलेल्या मेंढपाळास भरपाई मिळत नाहीं, याचें कारण पुष्कळदां कायदा नसून कागद हें असतें.

शिकविणारा मुख्य गुरु जाणता धनगरच असावा, आणि त्यास मानधन मिळावें. पशुवैद्य व गवताचा जाणकार त्याच्या मदतीस असावेत. वर्ग आषाढ ते भाद्रपद या काळांत, वाडे मुलखास परतलेले असतांना, डोंगरावरच भरावा. स्त्रियांस त्यांतून वगळूं नये. बिऱ्हाड, कोंकरें, आजारी मेंढरें हा सर्व भार त्यांच्यावर असतो, आणि पुढचा मुक्काम कधीं हलवावयाचा यांतहि त्यांचा शब्द असतो.

आतां हक्काचा प्रश्न. महसुली कारकुनींत आमचीं वर्षें गेलीं असल्यानें येथें दोन शब्द अधिकारानें लिहितों. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमान्वयें गायरान राखून ठेवलें जातें. पण २३ वें कलम असें सांगतें कीं, त्या मोफत चराईचा हक्क ज्या गांवास तें नेमून दिलें असेल त्या गांवच्याच गुरांस आहे. ही तरतूद १८७९ च्या मुंबईच्या कायद्यांतून चालत आली. अर्थात् दहा गांवें ओलांडणाऱ्या मेंढपाळास त्या दहांपैकीं नऊ गांवीं कायद्यानें गवताची काडीहि नाहीं; तो जें चारतो तें मेहेरबानीनें, ओळखीनें किंवा चिरीमिरीनें. ज्यास उद्यां येथें येऊं देतील कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, तो आज गवत राखील कशासाठीं? त्यानें राखलेलें दुसरा खाऊन जाईल. विसाव्याचा धडा कितीहि उत्तम शिकविला, तरी या एका शंकेपुढें तो टिकत नाहीं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें फिरत्या पशुपालकांची हंगामी चराई हा सामूहिक हक्क म्हणून मान्य केला आहे. परंतु धनगर महाराष्ट्रांत भटक्या जमातींच्या वर्गांत मोडतात, अनुसूचित जमातींत नव्हे. त्यामुळें त्यांस १३ डिसेंबर २००५ पूर्वींची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट शाबीत करावी लागते. ज्याचें बिऱ्हाड घोड्यावर त्यानें पाऊणशें वर्षांचे दाखले कोठें जपावेत? येथें शेतकऱ्यांचीं जुनीं दप्तरें व गांवच्या वृद्धांच्या जबान्या उपयोगीं पडतील, आणि त्या द्यावयास आपण पुढें झालें पाहिजे.

तोंवर स्वस्थ बसण्याचें मात्र कारण नाहीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून लागलेलें डोंगरपड आहे. तें आपल्या स्वतःच्या मालकीचें. त्यावर कोणास केव्हां चारूं द्यावें हें ठरविण्यास सरकारी परवानगी लागत नाहीं. एकाच डोंगरउताराच्या दहा-पंधरा खातेदारांनीं एकत्र यावें, आपल्या पडाचे चार भाग पाडावेत, आणि ओळखीच्या एका-दोन वाड्यांशीं तीन वर्षांचा लेखी करार करावा. करारांत मेंढरांची संख्या, येण्या-जाण्याच्या तिथि, बंद भाग, वणवा न लावण्याची अट, आणि त्या बदल्यांत रानांत किती रात्री मेंढरें बसवावयाचीं हें स्पष्ट लिहावें. बंद भागाचें गवत बीं झडल्यावर कापून न्यावें. तें खातेदारांच्या गुरांस होईल. जो मेंढपाळ वरील शिक्षण पुरें करील त्यासच करारांत घ्यावें. मग शिक्षणास किंमत येईल, कारण त्याच्या पाठीमागें गवत असेल. गायरानासाठीं याच नमुन्याचा ठराव ग्रामसभेनें करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. चराई अनुदानहि ज्यांनीं पहिल्या पावसांत डोंगर राखला त्यांस आधीं मिळावें, अशी मागणी आपल्या मंडळानें करावी; म्हणजे त्या पैशांतून चारा विकत घेऊन मेंढरें तेवढे दिवस खालीं ठेवतां येतील.

कोणी म्हणतील, करार झाला म्हणून उभ्या पिकांत मेंढरें शिरणार नाहींत काय? शिरतील, कधींमधीं. पण आज शिरलीं तर कोणाचीं होतीं हेंहि कळत नाहीं. करारांतल्या वाड्याचें नांव, ठिकाण व पुढल्या सालची गरज आपल्या हातीं असते. कोणी म्हणतील, एवढी खटपट करण्यापेक्षां डोंगरबंदी सोपी. बंदीचा राखणदार कोण? रात्रीं चोरून चरलेला डोंगर उघड चरलेल्या डोंगरापेक्षां अधिक झिजतो, कारण चोरीला पाळी नसते.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें वर्ष गवताळ रानें व पशुपालक यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें. अशा वर्षांत भाषणें पुष्कळ होतात. आमची सूचना त्याहून लहान आहे. मंडळानें एक डोंगर निवडावा, एक जाणता मेंढपाळ गुरु नेमावा, दहा मुलामुलींचा एक वर्ग काढावा, आणि तीन वर्षें तो चालवावा. बंद व चरलेल्या भागांत कांहीं ठरीव जागीं खुंट्या रोवून दरसाल आश्विनांत शेड्याचे व मारवेलाचे ठोंब मोजावेत आणि तो आंकडा या मासिकांत छापावा. ठोंब वाढले तर रीत बरोबर. न वाढले तर ती बदलावी. डोंगर कोणाची भीड धरीत नाहीं. त्याचा निकाल मेंढपाळ व शेतकरी या दोघांनींहि मान्य करावा, आणि तोंपर्यंत एकमेकांस दोष देणें थांबवावें, एवढीच आमची विनंति आहे.